साइट मध्येच ‘थांबा’ का म्हणते? नकाशा आणि बॉट्सबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गणपतीच्या आधीच्या आठवड्यात आपला कोकणचा ऑनलाइन नकाशा दोन दिवस जवळजवळ बंद होता. गावाकडे निघालेली माणसं रात्री-अपरात्री ‘घाटातला रस्ता सुरू आहे का’, ‘फेरीबोटीची शेवटची फेरी किती वाजता’ हे बघायला येतात, नेमके तेच दिवस. त्यानंतर आम्ही साइटमध्ये बरेच बदल केले. काहींना ते जाणवले, काहींना त्रासही झाला, आणि तेव्हापासून तेच तेच प्रश्न येत आहेत. त्यांची उत्तरं इथे एकत्र ठेवली आहेत.

साइट नेमकी कशानं बंद पडली? हॅक झाली होती का?

नाही. गणपतीच्या गर्दीनंही नाही. ती गर्दी आम्ही ओळखतो: संध्याकाळी वाढते, पहाटे ओसरते आणि चिपळूण, हातखंबा, राजापूर, कणकवली अशी महामार्गाच्या कडेनं दक्षिणेकडे सरकत जाते.

त्या दोन रात्री लॉगमध्ये, म्हणजे सर्व्हरकडे आलेल्या प्रत्येक मागणीच्या नोंदवहीत, वेगळंच दिसलं. पावणेतीनच्या सुमारास एक आयपी पत्ता (इंटरनेटवरच्या कनेक्शनचा क्रमांक) गुहागर तालुक्यातल्या एका विहिरीच्या नोंदीची जुनी आवृत्ती मागतो. पुढच्याच क्षणी दुसऱ्या देशातला पत्ता त्याच विहिरीची तिसरी आणि अकरावी आवृत्ती शेजारी-शेजारी ठेवून दाखवा म्हणतो. मग तिसरा पत्ता, चौथी आणि अकरावी. प्रत्येक पत्ता एकदाच येतो, पुन्हा दिसत नाही. माणूस विहीर शोधायला आला तर आधी नकाशा उघडतो, बोटानं मोठा करतो, मग विहिरीवर टिचकी मारतो. त्याच्यामागे लॉगमध्ये टाइलांच्या, म्हणजे नकाशाच्या चौकोनी तुकड्यांच्या, वीस-पंचवीस ओळी उमटतात. इथे मागे काहीच नव्हतं, नुसती सुटी पानं. आमचा सर्व्हर लहान आहे. डेटाबेस त्या तुलना काढण्यात अडकला आणि ज्याला खरोखर रस्ता हवा होता त्याच्यापुढे पांढरी स्क्रीन आली.

ही मागणी कोणाची होती ते आम्हाला सिद्ध करता येत नाही, म्हणून कोणाचं नाव घेत नाही.

बॉट म्हणजे काय? गूगलसुद्धा बॉटच पाठवतं ना?

हो. बॉट किंवा क्रॉलर म्हणजे माणसाऐवजी आपोआप पानं उतरवत जाणारा प्रोग्राम. शोधयंत्रांचे क्रॉलर वर्षानुवर्षं येत आहेत आणि ते यावेत अशीच आमची इच्छा आहे, कारण ‘अमुक वाडीला जाणारी पाखाडी’ (दगडी पायऱ्यांची पायवाट) शोधणारा माणूस त्यांच्यामुळेच आपल्यापर्यंत पोहोचतो. ते घेतात आणि त्या बदल्यात माणसं पाठवतात.

एआय मॉडेलांसाठी मजकूर गोळा करणारे क्रॉलर गेल्या दोन-तीन वर्षांत वाढले. मोठ्या कंपन्या आपल्या बॉटचं नाव जाहीर करतात: जीपीटीबॉट, क्लॉडबॉट, अ‍ॅमेझॉनबॉट, मेटाचा एक्स्टर्नल एजंट. कॉमन क्रॉल ही संस्था सीसीबॉट चालवते आणि तिचा साठा कोणालाही मिळतो. नाव सांगून येणाऱ्याशी बोलता येतं, त्याला नियम सांगता येतो. खरा त्रास नाव न सांगता, साध्या क्रोम ब्राउझरचा वेश घेऊन येणाऱ्यांचा आहे. कधी कधी ते गूगलबॉट असल्याचंही सांगतात. ते खोटं मात्र पकडता येतं: पत्त्यावरून यजमानाचं नाव काढायचं, ते गूगलच्या डोमेनचं आहे का बघायचं, आणि त्या नावावरून पुन्हा तोच पत्ता मिळतो का हे ताडायचं.

आपलाच एकट्याचा सर्व्हर बसतोय की सगळ्यांचाच हा त्रास आहे?

सगळ्यांचा. विकिमीडिया फाउंडेशननं एप्रिल २०२५ मध्ये स्वतःचे आकडे मांडले. चित्रं आणि व्हिडिओ उतरवण्यासाठी लागणारी बँडविड्थ जानेवारी २०२४ पासून ५० टक्क्यांनी वाढली होती. पानांच्या एकूण भेटींत बॉट्सचा वाटा सुमारे ३५ टक्के होता, पण सर्व्हरला सर्वात महाग पडणाऱ्या मागण्यांपैकी किमान ६५ टक्के त्यांच्याच होत्या. कारण सरळ आहे. माणसं ठरावीक लोकप्रिय पानं बघतात, ती तयारच ठेवलेली असतात. बॉट मात्र कोणीही कधी न उघडलेलं पान मागतो, आणि ते दर वेळी नव्यानं तयार करावं लागतं. विकिमीडियाकडे मोठी यंत्रणा तरी आहे. आपल्याकडे वर्गणीतून घेतलेला एक सर्व्हर आहे.

दोन-तीन जिल्ह्यांचा नकाशा. त्यात यंत्राला एवढं उतरवायला आहे तरी काय?

हा प्रश्न आम्हालाही पडला होता. कागदावर आकडेमोड केल्यावर उत्तर मिळालं.

आपल्याकडे प्रत्येक पाखाडी, साकव (ओढ्यावरचा छोटा पूल), विहीर, तर (खाडी ओलांडून देणारी होडी), देवराई यांची नोंद आहे आणि प्रत्येक नोंदीचा इतिहास जपलेला आहे. हा इतिहास आमच्या दृष्टीनं फार मोलाचा आहे. साकव कोणत्या पावसात वाहून गेला आणि पुन्हा केव्हा घातला हे त्यातूनच कळतं. आता एखाद्या साकवाच्या ४० आवृत्त्या असल्या, तर त्यातल्या कोणत्याही दोन शेजारी ठेवून बघण्याची सोय म्हणजे ७८० वेगवेगळी पानं झाली. एका साकवाची. त्याला ‘तालुक्यानुसार’, ‘नोंद करणाऱ्यानुसार’, ‘महिन्यानुसार’ अशा गाळण्या (फिल्टर) जोडा, आणि पानांना अंतच राहत नाही. माणूस त्यातली दोन बघतो. दिसेल त्या दुव्यावर जाणारा प्रोग्राम सगळी बघतो.

दुसरी गोष्ट टाइलांची. ऑनलाइन नकाशा म्हणजे २५६ बाय २५६ ठिपक्यांच्या चौकोनी चित्रांची गोधडी. एक पायरी आत गेलं की एका चौकोनाचे चार होतात. अठराव्या पायरीला सगळ्या जगाचे ६,८७१ कोटींहून जास्त चौकोन होतात. आपल्या अक्षांशावर त्या पायरीचा एक चौकोन जेमतेम १४६ मीटर लांब-रुंद जमीन दाखवतो. रत्नागिरी जिल्ह्याचं क्षेत्रफळ ८,२०८ चौरस किलोमीटर, म्हणजे एका जिल्ह्याचे, एकाच पायरीचे पावणेचार लाखांवर चौकोन. त्यातले बहुतेक नुसता सडा (कातळाचं माळरान) नाहीतर आमराई. ते आजवर कोणी मागितले नव्हते म्हणून तयारही नव्हते. बॉटनं मागितले की प्रत्येक चौकोन जागेवर रंगवावा लागत होता.

पण नकाशा तर सर्वांसाठी खुला आहे. मग अडवायचं कशाला?

खुलाच आहे आणि खुलाच राहील. आपला पायाभूत नकाशा ओपनस्ट्रीटमॅपचा आहे. तो २००४ मध्ये सुरू झालेला, लोकांनी लोकांसाठी काढलेला नकाशा. त्याची माहिती २०१२ पासून ओपन डेटाबेस लायसन्सखाली मिळते आणि आपली भरही त्याच अटींवर आहे. कोणीही घ्या, वापरा, विका सुद्धा. श्रेय द्या, आणि त्यावरून केलेला डेटाबेस प्रसिद्ध केलात तर तोही खुला ठेवा.

म्हणून आमचा आक्षेप माहिती नेण्याला नाही. नेण्याच्या पद्धतीला आहे. संपूर्ण डेटा आम्ही दर रविवारी एका फाइलमध्ये बांधून ठेवतो. सगळ्या वाड्या, सगळे साकव, सगळा इतिहास. ती फाइल उतरवायला काही मिनिटं लागतात आणि सर्व्हरला कळतही नाही. तीच माहिती लाखो पानं एकेक करून ओरबाडायची, आणि त्यापायी दाभोळला फेरीबोटीच्या रांगेत उभ्या असलेल्या माणसाला वेळापत्रक दिसू द्यायचं नाही, हे आम्ही चालू देणार नाही. विहीर गावाची असते. म्हणून कोणी पंप लावून रात्रीतून उपसली तर गाव बोलणारच.

रोबोट्स डॉट टीएक्सटी फाइल लावली की काम झालं ना?

लावलेली आहे, आणि ती असायलाच हवी. ही पद्धत १९९४ पासूनची. २०२२ मध्ये आरएफसी ९३०९ म्हणून तिचं रीतसर मानक झालं. कोणत्या बॉटनं कुठे जाऊ नये हे त्यात लिहायचं असतं. पण त्या मानकातच स्पष्ट म्हटलंय की हे नियम म्हणजे प्रवेशाची परवानगी तपासणारी यंत्रणा नव्हे. आपल्याकडच्या गडग्याला (दगडी कुंपणाला) बेडं, म्हणजे आडव्या बांबूंचं फाटक, असतं तसं. गुरं अडतात, शहाणा माणूस थांबतो, पण बांबू सरकवायचेच ठरवले तर कोणीही आत येतं.

आमच्या फाइलमध्ये शोधयंत्रांना नोंदींची पानं खुली आहेत, इतिहास आणि तुलना सगळ्याच बॉट्सना बंद. ‘गूगल-एक्स्टेंडेड’ हे नावही त्यात दिसेल. तो वेगळा बॉट नाही. गूगलनं उतरवलेली पानं त्यांच्या एआय मॉडेलांसाठी वापरू नयेत हे सांगण्याची ती खूण आहे. ती बंद ठेवल्यानं शोधात आपलं पान मागे पडत नाही. दोन मागण्यांत अंतर ठेवायला सांगणारी ओळही फाइलमध्ये आहे. ती मानकाचा भाग नाही आणि गूगल ती पाळत नाही, पण काही बॉट पाळतात म्हणून ठेवली आहे.

त्रास देणारे आयपी पत्ते सरळ ब्लॉक का करत नाही? नाहीतर परदेशच बंद करा.

पहिल्या रात्री आम्ही तेच केलं. चोर सोडून संन्याशाला फाशी झाली.

आपल्याकडच्या मोबाइल कंपन्या एकाच जुन्या पद्धतीच्या (आयपीव्ही४) पत्त्यामागे असंख्य ग्राहक ठेवतात. एक पत्ता अडवला की त्या टॉवरवरची, कदाचित अख्ख्या तालुक्यातली माणसं अडतात. दापोलीतून नोंदी करणारे आमचेच तीन जण असे बाहेर राहिले. पुन्हा बॉट एका पत्त्यावरून एकदाच येत असेल तर तो पत्ता ब्लॉक करून मिळणार काय? तो केव्हाच पुढे गेलेला असतो.

राहिला परदेश. कोकणातल्या किती घरांतलं कोण ना कोण आखातात आहे, किती मुलं जहाजावर आहेत, हे इथल्या माणसाला सांगायला नको. कुवेतमध्ये बसून गावच्या पाखाड्यांची नावं भरणारे सदस्य आपल्याकडे आहेत, आणि जुन्या वाड्यांची नावं त्यांच्याइतकी कोणाला आठवत नाहीत. त्यांना दाराबाहेर ठेवून हा नकाशा आपला राहणार नाही.

हे पत्ते येतात कुठून, तेही सांगायला हवं. काही फुकट व्हीपीएन आणि फुकट अ‍ॅप्स बदल्यात तुमच्या फोनचं किंवा टीव्ही बॉक्सचं कनेक्शन दुसऱ्यांना भाड्यानं देतात. मग कोणाचा तरी बॉट तुमच्या घरातल्या पत्त्यावरून आमच्याकडे येतो आणि तुम्हाला पत्ताही नसतो. फोनमध्ये असं काही घातलं असेल तर कृपा करून काढून टाका.

मग नक्की काय केलंत?

सर्वात जास्त उपयोग झाला तो अडवण्याचा नव्हे, आवरण्याचा. आवृत्त्यांची तुलना आता फक्त लॉगिन केलेल्या सदस्यांना दिसते. गाळण्यांचे न संपणारे दुवे काढून टाकले; गाळणी आता बटण दाबल्यावरच चालते. नोंदीचं पान एकदा तयार झालं की कोणी त्यात बदल करेपर्यंत तेच दिलं जातं. आणि टाइला: त्या जागेवर रंगवणं आम्ही बंदच केलं. आता सगळा नकाशा पीएमटाइल्स प्रकारच्या एका फाइलमध्ये आहे. तुमचा ब्राउझर त्या फाइलचा हवा तेवढाच तुकडा मागतो आणि रंगवण्याचं काम फोनवर होतं. सर्व्हर नुसता फाइल वाढतो. एवढ्यानंच निम्मं दुखणं गेलं.

त्यानंतर मर्यादा. एका पत्त्यावरून किती भराभर पानं मागता येतील याला आता माप आहे. सामायिक पत्त्यांमुळे ते मुद्दाम सैल ठेवलंय. आयपीव्ही६ या पत्त्यांच्या नव्या पद्धतीत एकेक पत्ता न मोजता घराला किंवा फोनला मिळणारा पूर्ण गट, म्हणजे ६४ बिटांचा उपसर्ग, एक धरतो, कारण त्या गटातले पत्ते हवे तितके बदलता येतात. मर्यादा ओलांडली की सर्व्हर ४२९ हा संकेत देतो: फार मागण्या झाल्या, इतक्या सेकंदांनी या.

आणि एक सापळा आहे. पानांत एक दुवा असा आहे जो माणसाला दिसत नाही, स्क्रीन रीडरवरही (अंधांसाठी पान वाचून दाखवणाऱ्या प्रोग्रामवरही) ऐकू येत नाही, आणि रोबोट्स फाइलमध्ये तिथे जाण्याची मनाई लिहिलेली आहे. तरी जो तिथे जातो, तो दिवसभरासाठी बाहेर.

ते ‘थांबा, तपासतो आहोत’ पान कधी येतं?

सर्व्हरवरचा भार ठरावीक रेषेच्या वर गेला तरच. एरवी ते बंद असतं.

त्या पानावर तुमच्या फोनला एक छोटं गणित घातलं जातं. एसएचए-२५६ या पद्धतीनं हजारो आकडे वापरून बघायचे आणि ठरावीक शून्यांनी सुरू होणारं उत्तर शोधायचं. सोडवायला वेळ लागतो, तपासायला लागत नाही. एका माणसाला दोन-तीन सेकंद जड नाहीत. लाखो पानं उतरवणाऱ्याला तेच ओझं लाखपट पडतं. अनुबिस नावाचं मुक्त साधन २०२५ च्या सुरुवातीला याच कल्पनेवर आलं आणि ग्नोमसारख्या मोठ्या मुक्त प्रकल्पांनी ते लावलं.

आम्हीही लावलं, पण कायमचं लावायला माझा ठाम विरोध होता आणि आहे. पहिल्या दिवशी गणित जरा कठीण ठेवलं गेलं. वेंगुर्ल्याच्या एका काकूंनी फोन करून सांगितलं की चाक फिरत राहतं आणि फोन तापतो. त्यांच्याकडे सहा वर्षांपूर्वीचा, नातवानं वापरून दिलेला फोन आहे. त्याच फोनवरून त्यांनी आजवर आपल्या गावातल्या सगळ्या बावी (विहिरी) नकाशावर आणल्या आहेत. ज्या कुंपणात त्या अडतात ते कुंपण शेत खाणारं आहे. आता गणित सोपं आहे, एकदा सुटलं की आठवडाभर पुन्हा येत नाही, आणि लॉगिन केलेल्यांना मुळीच येत नाही. त्या काकूंच्या फोनवर चाललं तरच बदल पुढे जातो, असा नियमच केलाय.

कॅप्चा का नाही?

कॅप्चा म्हणजे ‘मी माणूस आहे’ हे दाखवायला चित्रं ओळखायला लावणारी चाचणी. ज्यांना कमी दिसतं त्यांची तिथे अडचण होते, आणि आजचे प्रोग्राम ती चित्रं माणसापेक्षा लवकर ओळखतात.

क्लाउडफ्लेअरसारख्या सेवेमागे साइट का ठेवली नाही?

अशी सेवा साइटच्या पुढे उभी राहून येणाऱ्या मागण्या गाळते. वाईट पर्याय नाही. क्लाउडफ्लेअरनं जुलै २०२५ पासून नव्या ग्राहकांसाठी एआय क्रॉलर मुळातच अडवायला सुरुवात केली, आणि ज्या गटाकडे सर्व्हर सांभाळणारं कोणी नाही त्यांनी तो मार्ग जरूर घ्यावा. आम्ही घेतला नाही, कारण मग आपल्या दारात कोणाला उभं करायचं हे दुसरं कोणी ठरवणार. काकूंचा फोन अडला तर आम्हाला कारणही कळणार नाही. हे मत गटात सर्वांना पटलेलं नाही. पुढच्या गणपतीत पुन्हा तसंच झालं तर हा निर्णय फेरविचाराला येईल.

एआयनं आपली माहिती शिकून लोकांना रस्ता सांगितला तर बिघडलं कुठे?

रस्ता बरोबर सांगितला तर काहीच बिघडलं नाही. भीती वेगळी आहे. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीच्या पुरानं चिपळूण बुडालं, त्या काळात कोणता पूल, कोणता रस्ता चालू आहे हे तासातासाला बदलत होतं. कोकणातला नकाशा जिवंत असतो. साकव जूनमध्ये असतो, जुलैत नसतो. खाडीतली तर पावसात बंद होते. मॉडेल मात्र ज्या दिवशी वाचलं त्या दिवसावर थांबतं, आणि उत्तर आजचं असल्यासारखं देतं. त्यात आमचं नावही नसतं आणि तारीखही नसते, त्यामुळे विचारणाऱ्याला ताजी नोंद बघायला कुठे जावं हेच कळत नाही. म्हणून श्रेयाची अट आम्हाला महत्त्वाची वाटते: नाव दिसलं तर माणूस मुळाशी येऊ शकतो.

तोपर्यंत एवढं करा. पावसात अनोळखी वाटेनं जाताना नोंदीखालची ‘शेवटची खात्री’ ही तारीख बघा.

कासवांची घरटी, खवल्या मांजराची बिळं यांची ठिकाणं या बॉट्सच्या हाती लागली का?

नाही, कारण ती सर्व्हरवर नाहीतच. ऑलिव्ह रिडले कासव आणि खवल्या मांजर दोन्ही वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, आणि खवल्या मांजराची तस्करी होते. ‘लॉगिनमागे ठेवू’ अशी सूचना आली होती. आम्ही नाकारली. बॉट अडवणं हा सर्व्हर वाचवायचा उपाय आहे, गुपित राखायचा नव्हे. एकदा कोणी उतरवून नेलेली जागा परत घेता येत नाही. हाच नियम माणसांनाही: तरीवाल्याचा नंबर, घरमालकाचं नाव नोंदीत घालू नका, मग तो कितीही ओळखीचा असो. कातळशिल्पांपैकी जी आधीच सर्वांना माहीत आहेत आणि जिथे राखण आहे तेवढीच दाखवतो. कोकणातली कातळशिल्पं २०२२ पासून युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत. नव्यानं सापडलेलं शिल्प आधी गावाला आणि पुरातत्त्व विभागाला कळू दे.

कायद्यानं काही करता येतं?

माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ४३ मध्ये परवानगीशिवाय माहिती उतरवून घेणं, संगणकाचं काम विस्कळीत करणं, हक्काच्या माणसाला प्रवेश मिळू न देणं यासाठी भरपाईची तरतूद आहे. पण समोरचा कोण हे आधी ठरवावं लागतं. हौशी गटानं तो वेळ नकाशावर घालवावा असं मला वाटतं.

मी विद्यार्थी आहे. प्रकल्पासाठी डेटा हवा आहे, स्क्रिप्ट चालवू का?

आधी रविवारची फाइल घ्या. शंभरात नव्वद वेळा तेवढ्यानं भागतं. ताजे बदलच हवे असतील तर स्क्रिप्ट जरूर चालवा, पण सेकंदाला एकच मागणी, आणि यूजर एजंटमध्ये (प्रोग्राम स्वतःची ओळख सांगतो त्या ओळीत) प्रकल्पाचं नाव आणि ईमेल घाला. काही अडलं तर आम्ही लिहू, ब्लॉक करणार नाही. ४२९ आला तर थांबा. सांगितलेल्या सेकंदांनंतरच पुन्हा विचारा. हेच एआय कंपन्यांनाही लागू आहे, त्यांच्यासाठी वेगळी फाइल नाही.

मी माणूस आहे आणि तरी अडलो. काय करू?

पानावर खाली एक आठ अक्षरी खूण दिसते. ती, वेळ, आणि तुम्ही वाय-फायवर होता की मोबाइल डेटावर, एवढं कळवा. स्क्रीनशॉट चालेल. खुणेवरून लॉगमधली नेमकी ओळ सापडते. रात्री उशिरा अडलात आणि रस्ता तातडीनं हवा असेल तर लॉगिन करा. सदस्यांसाठी वेगळी वाट आहे आणि भार कितीही असला तरी ती उघडी असते.

मदत करायची आहे, पण सर्व्हरमधलं काही कळत नाही.

तीन कामं आहेत. पाऊस सुरू होण्याआधी आपल्या गावाचा नकाशा फोनमध्ये ऑफलाइन उतरवून ठेवा आणि शेजाऱ्यालाही करून द्या. मग साइट असो-नसो, नेट असो-नसो, वाट सापडेल. दुसरं, आपल्या वाडीतल्या साकवांची ‘शेवटची खात्री’ जूनमध्ये एकदा आणि नारळी पौर्णिमेनंतर एकदा करा. तिसरं, गणपतीच्या आधीच्या चार रात्री आम्ही आळीपाळीनं लॉगवर बसतो. रात्री दोन ते पहाटे पाच ही पाळी अजून रिकामी आहे. काय बघायचं ते अर्ध्या तासात शिकवतो: पाठीमागे टाइला नसलेली ओळ दिसली की फोन करायचा.